पद्मिनी आणि अवंती : भोर–वेल्ह्याच्या रस्त्यावरील दोन गाड्यांची गोष्ट

१/२२
भोरमधील एका निवृत्त गुरुजींच्या दारात १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. २०२४ साली तिने पन्नाशी गाठली आणि त्याच वर्षी तिच्या नोंदणीचे नूतनीकरणही आले. त्या निमित्ताने घरात एक प्रश्न उभा राहिला. ही गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून मानाने जपायची, की साधी गाडी म्हणून चालवत राहायची? हा प्रश्न काढला पुतण्याने, आणि तो पुण्याहून आला होता अवंती नावाच्या स्पोर्ट्स कारमधून. त्या दोन गाड्यांचा आणि त्या एका प्रश्नाचा हा धागा.

२/२२
पद्मिनीची कुळकथा सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्यापासून सुरू होते. मुंबई–पुणे लोहमार्गावर बोरघाटातील बोगद्यांचे काम करणारे आणि पुढे जहाज, साखर व विमान उद्योगांत उतरलेले हे उद्योजक. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या मोटारी जोडल्या जात. नंतर इटलीतील ट्युरिनच्या फियाटशी संबंध जुळला आणि १९५४ मध्ये फियाट ११०० अवतरली. तिच्या गुबगुबीत आकारामुळे लोकांनी तिचे नाव ‘डुक्कर फियाट’ ठेवले. नाव हेटाळणीचे होते. उच्चार मात्र मायेचा होता.

३/२२
१९६४ च्या सुमारास याच मालिकेतील ‘११०० डिलाइट’ आली. फियाटबरोबरचा करार संपल्यावर काही काळ ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. अंग तेच, इंजिन तेच, बारसे मात्र नवे. इटलीत ११०० मालिकेचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. कुर्ल्यात तिची ही वारसदार त्यानंतरही सुमारे तीस वर्षे बनत राहिली. एवढे दीर्घायुष्य तिला केवळ गुणांमुळे लाभले नाही. त्यामागे देशाचे आर्थिक धोरणही होते.

४/२२
१९५३ च्या सुमारास सरकारने ठरवले की ज्यांना सुटे भाग देशातच बनवायचे आहेत, त्यांनीच येथे मोटारी कराव्यात. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीन नावे उरली : हिंदुस्थान, प्रीमियर आणि स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या हेही परवान्यावर ठरे. मागणी वाढली तरी कारखाना मनाप्रमाणे वाढवता येत नसे. परिणामी ग्राहक पैसे हातात घेऊन वर्षानुवर्षे रांगेत उभा राही.

५/२२
‘स्वस्त मोटार’ हा शब्दही त्या काळाच्या मापाने वाचावा लागतो. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना घरच्यांच्या आग्रहावरून त्यांनी फियाट घ्यायचे ठरवले. किंमत सुमारे १२,००० रुपये आणि खात्यात सुमारे ७,०००. उरलेल्या ५,००० रुपयांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून ते फेडले. देशाच्या पंतप्रधानाला जी गाडी कर्जाने घ्यावी लागली, ती त्या वेळची ‘काटकसरीची’ गाडी होती.

६/२२
गुरुजींचे वडील भोरमध्ये डॉक्टर होते. त्यांनी १९६८ मध्ये फियाटसाठी नाव नोंदवले आणि गाडी दारात आली १९७४ मध्ये. या सहा वर्षांत गाडीचे नाव बदलले, किंमत वाढली आणि डॉक्टरांच्या केसांत चांदी आली. गाडी आली त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखले गेले आणि चाकाखाली लिंबू ठेवले गेले. गुरुजी तेव्हा सोळा वर्षांचे होते. गाडीला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत, असा नियम घरात महिनाभर चालला.

७/२२
भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. पश्चिमेला हिरडस मावळ आणि वरंध घाट, वायव्येला तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. भाताची खाचरे, मुसळधार पाऊस आणि डोंगरसोंडांच्या आड दडलेल्या वाड्या असा हा मुलूख. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढे अशा भागांना एसटीचाच आधार मिळाला. पण एसटी वेळापत्रकाने येते. आजारपण तसे येत नाही.

८/२२
एका आषाढात वेल्ह्यापलीकडच्या वाडीतून एका अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून माणसांनी रस्त्यापर्यंत आणले. निरोप मिळताच डॉक्टर पद्मिनी घेऊन निघाले. मागच्या आसनावर ती बाई आणि तिची सासू, पुढे डॉक्टर, तिचा नवरा आणि कंदील धरलेली सुईण. नसरापूरमार्गे त्यांनी पुण्याचे ससून रुग्णालय गाठले. पहाटे मुलगी झाली आणि दोघी सुखरूप राहिल्या. परतताना डॉक्टरांनी आसन स्वतः धुतले आणि घरी एवढेच सांगितले, “गाडीने साथ दिली.”

९/२२
पुढे तिघांना बसता आले, याला गाडीची रचना कारण होती. पद्मिनीचा गिअरचा दांडा जमिनीत नसून स्टिअरिंगच्या खांबावर असे. त्यामुळे पुढे सलग बाकासारखे आसन बसवता येई. इंजिन १,०८९ सीसीचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, गिअर चार. वजन सुमारे ९०० किलो. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पहिला गिअर चालत्या गाडीत सहज पडत नसे. चढावर वेग मरायच्या आधीच चालकाला निर्णय घ्यावा लागे. गाडी माणसाला पुढचे पाहायला शिकवी.

१०/२२
उन्हाळ्यात चढावर इंजिन तापले की पंपातील पेट्रोलची वाफ होई आणि पुरवठा तुटे. मग गाडी कडेला घ्यायची, पंपावर ओले फडके टाकायचे आणि वाट पाहायची. हा उपाय मावळातल्या पोरासोरांनाही ठाऊक होता. पॉइंट घासणे, प्लग साफ करणे, कार्ब्युरेटर उघडून फुंकर मारणे ही कामे गावचा मेस्त्री झाडाखाली बसून करी. डॉक्टरांच्या डिकीत औषधांच्या पेटीशेजारी पान्यांची पिशवी असे. दोन्हींतला सराव त्यांना सारखाच होता.

११/२२
मग काळ पालटला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती आली. हलकी, चपळ, कमी पेट्रोल पिणारी. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, १९९३ मध्ये मोटार उद्योग परवान्यातून मुक्त झाला आणि रांगेत उभे राहणाऱ्या ग्राहकापुढे कंपन्याच रांगेने उभ्या राहिल्या. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ‘काळी-पिवळी’ पद्मिनी रस्त्यावरून नाहीशी झाली.

१२/२२
आता पुतण्याच्या गाडीकडे वळू. मोटारींना नवी रूपे देण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेने जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात अवंती मांडली. पुढे पुण्याजवळच्या कारखान्यात तिचे मर्यादित उत्पादन झाले. दोनच आसने. इंजिन फ्रान्सच्या रेनॉचे, दोन लिटरचे, टर्बोयुक्त. शक्ती सुमारे २५० अश्वशक्ती. हे इंजिन पुढे बॉनेटखाली नसते. ते आसनांच्या पाठीमागे, मधोमध असते. पुतण्याने ती जुन्या गाड्यांच्या बाजारातून, स्वतःच्या पगारातून घेतली होती.

१३/२२
नावांचा योगायोग पाहण्यासारखा आहे. इटलीहून आलेल्या गाडीला मिळाले चितोडच्या राणीचे नाव. भारतात घडलेल्या गाडीला मिळाले ‘अवंती’ : उज्जयिनी ज्याची राजधानी होती त्या प्राचीन जनपदाचे नाव, आणि इटालियन भाषेत त्याच शब्दाचा अर्थ ‘पुढे’. एक कुर्ल्याची, दुसरी पुण्याजवळची. दोघींनाही इंजिन मागची चाके फिरवून पुढे ढकलते. एवढे साम्य संपले की मग अंतर दिसते. टनामागे पद्मिनीला सुमारे ४४ अश्वशक्ती, तर अवंतीला सुमारे १६०.

१४/२२
ऑक्टोबरमधल्या एका रविवारी काका-पुतण्यांनी गाड्यांची अदलाबदल केली. भोरहून कापूरहोळ, महामार्गाने चेलाडी, तिथून नसरापूर, मार्गासनी, विंझर आणि वेल्हे. डॉक्टरांचा नेहमीचा रस्ता. गुरुजी अवंतीत बसले ते जवळजवळ जमिनीला टेकल्यासारखे. महामार्गावर त्यांनी पाय किंचित दाबला आणि पाठ आसनात रुतली. कायद्याची मर्यादा डोळ्यांसमोर येताच त्यांनी पाय सोडला. पण तेवढ्या काही क्षणांत ते मोठ्याने हसले. सहासष्टाव्या वर्षी माणूस गाडी चालवताना असे हसतो, हे पुतण्याला नंतर सांगूनही खरे वाटेना.

१५/२२
त्या हसण्यात मोठा न्याय होता. गुरुजींना वर्षानुवर्षे वाटे की स्पोर्ट्स कार म्हणजे पैशाचा माज. त्या दिवशी त्यांना कळले की तो एका कारागिरीचाही भाग आहे. वजन मधोमध असल्याने गाडी वळताना स्वतःभोवती फिरल्यासारखी वळते. पद्मिनी वळताना कलते, विचार करते आणि मग वळते. चारही चाकांचे डिस्क ब्रेक पायाला लगेच उत्तर देतात. ज्या पिढीने निवडीशिवाय दिवस काढले, तिला निवडीचा आनंद उथळ वाटू शकतो. पण तो आनंद खोटा नसतो.

१६/२२
नसरापूर सोडले आणि हिशेब बदलला. वळणावर गाडी किती वेगाने जाऊ शकते, हे टायरची पकड आणि वळणाची त्रिज्या ठरवते. इंजिनाची शक्ती त्या सूत्रात कुठेच नसते. १५ मीटर त्रिज्येच्या कोरड्या वळणावर साध्या टायरची मर्यादा ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास येते. उत्तम टायर असला तर ताशी ४४. म्हणजे २१० अश्वशक्तीचा फरक असूनही त्या वळणावर दोन गाड्यांत फरक ताशी ८ किलोमीटरचा. समोरून बैलगाडी किंवा एसटी आली, तर तोही नाही.

१७/२२
चढाचेही तसेच. पाच माणसांसह १,२०० किलोची गाडी २० मिनिटांत ५०० मीटर उंच चढवायची असेल, तर गुरुत्वाकर्षणाशी झुंजायला सुमारे ७ अश्वशक्ती पुरते. रस्त्याच्या आणि हवेच्या विरोधासाठी तेवढीच भर घातली, तरी पद्मिनीची चाळीस पुरून उरते. तिला चढ जड जातो तो वेग वाढवायला शक्ती शिल्लक नसते म्हणून. अवंतीकडे शिल्लक भरपूर असते. या रस्त्यावर ती खर्चायला जागा नसते. वेल्ह्याला दोन्ही गाड्या पोहोचल्या, त्यांत अंतर एका चहाचेही नव्हते.

१८/२२
परतीच्या आधी पाबे घाटाच्या माथ्यापर्यंत जाऊन यायचे ठरले. उतारावर पुतण्याला घाम फुटला. ड्रम ब्रेक सतत दाबले की तापतात आणि त्यांची पकड ढिली पडते. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या आधाराने उतरावे लागते. खाली आल्यावर तो म्हणाला, “काका, आजोबा पावसात, रात्री, पेशंट घेऊन ही गाडी चालवत होते? त्यांना दुसरी चांगली गाडी मिळायला हवी होती.” गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मिळायला हवी होती, बाळा. मिळत नव्हती.”

१९/२२
जुन्या गाड्यांवरच्या प्रेमात हे वाक्य बहुधा गळून जाते. पद्मिनीची सहनशीलता खरी, पण ती ज्या टंचाईतून जन्मली ती टंचाईही खरी. सहा वर्षांची प्रतीक्षा हा संस्कार नव्हता, ती अडचण होती. आणि तरीही त्या अडचणीत एक गोष्ट घडली जी सुबत्तेत घडेलच असे नाही : गाडी एका कुटुंबाच्या मालकीची असूनही पंचक्रोशीच्या उपयोगाची झाली. वेल्ह्याच्या स्टँडवर पद्मिनी थांबली, तेव्हा दोन म्हाताऱ्या आणि तांदळाचे पोते घेतलेला एक माणूस काही न विचारता मागचे दार उघडून बसले. अवंतीभोवती मुले जमली होती. फोटो काढत होती.

२०/२२
आता मूळ प्रश्न. जाणकार ‘व्हिंटेज’ हा शब्द साधारणपणे १९३० पूर्वीच्या गाड्यांसाठी राखतात. आपला कायदा वेगळे मोजतो. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीला ५० वर्षे उलटलेले, मूळ स्वरूप टिकवलेले वाहन व्हिंटेज म्हणून नोंदता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि ‘व्हीए’ अक्षरांची खास क्रमांकपाटी. पण एक अट आहे. असे वाहन नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ते बाहेर काढावे.

२१/२२
दुसरा मार्ग साधा : पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीप्रमाणे तपासणी करून घ्यायची, २०२४ साली असलेले ५,००० रुपये शुल्क व वर पर्यावरण कर भरायचा आणि पुढची पाच वर्षे चालवायची. पुतण्याचे म्हणणे प्रामाणिक होते. गाडी टिकावी, तिच्यावर ओरखडा उमटू नये, आजोबांची आठवण सुरक्षित राहावी. गुरुजींनी नियम दोनदा वाचला आणि बोट ‘नियमित वापर’ या शब्दांवर ठेवले. “हिला कामाला मनाई होणार असेल, तर मान कशाचा? तुझी गाडी उद्या पन्नास वर्षांची झाली तर तिला जरूर पाटी लाव. ती बघण्यासाठीच जन्मली आहे, आणि बघण्यासारखी आहे. ही पोचवण्यासाठी जन्मली.”

२२/२२
पुतण्याने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी तो पाने घेऊन आला. गुरुजींनी जुन्या मेस्त्रींनाही बोलावले. दिवसभर खपून तिघांनी चारही चाकांचे ड्रम उघडले, ब्रेकच्या रबरी नळ्या बदलल्या, नवे लायनर बसवले आणि पुढच्या आसनांना पट्टे जोडले. उतारावर त्याला फुटलेला घाम वाया गेला नाही. तपासणी झाली, शुल्क भरले गेले आणि पद्मिनीच्या नोंदणीपत्रावर २०२९ पर्यंतची मुदत पडली. त्या दिवाळीत अवंती पुण्यात, आच्छादनाखाली उभी होती. पुतण्या, त्याची बायको, दोन मुले आणि फराळाचे डबे घेऊन गुरुजींची पद्मिनी दुसऱ्या गिअरमध्ये वेल्ह्याच्या रस्त्याने चालली होती.